मोंतच्या कपेलीत क्वार्टेटसोबत गाताना

स्ट्रिंग क्वार्टेटसोबत गाण्यासाठी मुळात फार थोडे संगीत लिहिले गेले आहे, आणि आमच्या कार्यक्रमाची तयारी या अडचणीपासूनच सुरू झाली. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो ही चार वाद्ये हायडनच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, एकमेकांशी बोलत आली आहेत. त्यांच्या संभाषणात शब्द घेऊन येणारा पाचवा माणूस संगीतकारांनी क्वचितच बोलावला. आर्नोल्ड शोनबर्गने आपल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या शेवटच्या दोन भागांत सोप्रानो आवाज आणला, तेव्हा २१ डिसेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात झालेल्या पहिल्या प्रयोगात श्रोत्यांनी मोठा गोंधळ घातला होता. अमेरिकेच्या सॅम्युएल बार्बरने १९३१ साली 'डोव्हर बीच' ही रचना एक आवाज आणि क्वार्टेट यांच्यासाठी केली, आणि तो स्वतः बॅरिटोन असल्यामुळे पुढे ती स्वतःच गाऊन ध्वनिमुद्रितही केली. ओत्तोरिनो रेस्पिगीचे 'इल त्रामोन्तो' १९१४ सालचे आहे. माझा आवाज मेझो-सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजांतील मधल्या पल्ल्याचा; त्यामुळे आमची निवड रेस्पिगीवर येऊन थांबली.

कार्यक्रम व्हायचा होता जुन्या गोव्याच्या टेकडीवरील नोस्सा सेन्योरा दो मोंतेच्या कपेलीत, म्हणजे लहानशा प्रार्थनामंदिरात. सगळे तिला 'मोंतची कपेल' म्हणतात. जुन्या गोव्यातील बॉं जेझूची बासिलिका आणि से कॅथेड्रल पाहायला येणाऱ्या गर्दीतील फार थोडे लोक ही टेकडी चढतात. आल्फोन्सो द आल्बुकेर्कने १५१० साली गोवा जिंकल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ही कपेल उभी राहिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आदिलशाही फौजेने पोर्तुगिजांना शहरातून हुसकावले होते आणि नोव्हेंबरात ते परतले होते, हा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना टेकडीवरून खाली मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट पाहताना या जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. या शतकाच्या आरंभी फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या साहाय्याने कपेलीची डागडुजी झाली आणि तेव्हापासून तिथे संगीताचे कार्यक्रम होत आले आहेत. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, कठीण जमीन आणि तीन वेदी असलेली ही वास्तू मुळात मोठी नाही. लहान जागेत उंची आणि कठीण पृष्ठभाग एकत्र आले की आवाजाला जे वळण मिळते, ते मला या प्रक्रियेत पुढे बरेच शिकवून गेले.

माझे बालपण फोंडा तालुक्यात गेले. घरात नाट्यसंगीत आणि भजन होते, आईचा तंबोरा होता, आणि पहिली काही वर्षे मी ख्यालच शिकत होते. पुढे पणजीला पाश्चात्त्य कंठसंगीताचे शिक्षण घेतले आणि तेच माझे मुख्य काम झाले. हे इथे सांगण्याचे कारण इतकेच की क्वार्टेटसोबत गाताना मला ज्या गोष्टी कळल्या त्या तंबोऱ्याच्या कानामुळे कळल्या, आणि त्या मराठी वाचकाला त्याच वाटेने सर्वांत सोप्या रीतीने सांगता येतील असे मला वाटते.

कार्यक्रमाची आखणी अशी केली: आरंभी जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेसीचे 'साल्वे रेजिना', सी मायनरमधले, मग क्वार्टेट एकटेच पुच्चिनीचे 'क्रिसान्तेमी' वाजवील, म्हणजे मला श्वास घेता येईल, नंतर 'इल त्रामोन्तो', आणि शेवटी एक मांडो, म्हणजे गोव्याचे पारंपरिक कोंकणी गीत. पेर्गोलेसी १७३६ साली नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत क्षयाने वारला तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. 'साल्वे रेजिना' ही मारियेला उद्देशून असलेली प्राचीन लॅटिन प्रार्थना आहे आणि मोंतची कपेल मारियेलाच वाहिलेली आहे. त्यामुळे त्या जागेत पहिला स्वर या रचनेचा असावा याबद्दल आम्हा पाचही जणांत दुमत नव्हते. मूळ रचनेत तंतुवाद्यांखाली ऑर्गनसारखे एखादे वाद्य स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर, भरत असते. आम्ही ते घेतले नाही. चेलोच्या खालच्या ओळीवर आणि व्हिओलाच्या भरण्यावर भिस्त ठेवली. काही ठिकाणी व्हिओलावादक बाईंनी आपल्या ओळीत एक-दोन जादा स्वर घालून स्वरमेळ पुरा केला, आणि हे काम त्यांनी इतक्या जपून केले की रचनेच्या हाडापेरात कुठेही फरक पडला नाही.

तालमींची सुरुवात मी नेहमीसारखी पियानोवर केली होती. पाश्चात्त्य गायनात हीच रीत आहे: वाद्यवृंद असो की क्वार्टेट, गायिका आधी पियानोच्या संक्षिप्त प्रतीवर रचना पाठ करते. शब्द, लय, प्रवेशाच्या जागा या सगळ्यांसाठी ते ठीक आहे. परंतु क्वार्टेटसोबत पहिल्यांदा 'साल्वे रेजिना'ची सुरुवात गायली तेव्हा लक्षात आले की पियानोवर घोटलेला प्रत्येक गंधार आता नव्याने ठरवावा लागणार आहे.

याचे कारण सोपे आहे. पियानोचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक; सप्तकाचे १२०० सेंट मानले तर पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, जवारी नीट लागली असेल तर, जो गंधार आपोआप उमटतो तो ३८६ सेंटवर असतो. हा चौदा सेंटांचा फरक ज्याने तंबोऱ्याखाली रियाज केला आहे त्याला लगेच टोचतो. कोमल गंधाराचे उलट आहे: पियानोवर तो ३०० सेंटवर, आणि षड्जाशी खऱ्या अर्थाने मिळणारा कोमल गंधार ३१६ च्या आसपास, म्हणजे पियानोपेक्षा चढा. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही, त्यामागच्या वादात याच ठरीव स्वरांचा मुद्दा होता, हे आपल्याकडच्या रसिकांना माहीत आहे. क्वार्टेटच्या चारही वाद्यांवर पडदे नसतात. त्यामुळे चौघेही जण प्रत्येक स्वरमेळ कानाने जुळवतात, आणि त्यांच्यात उभ्या राहिलेल्या गायिकेलाही तेच करावे लागते.

इथवरचे मला ख्यालाच्या शिक्षणामुळे जड गेले नाही. जड होती ती पुढची गोष्ट. तंबोऱ्यापुढे षड्ज हलत नाही; तास-दीड तास तो एकाच जागी असतो आणि बाकीचे सगळे स्वर आपले घर त्याच्यापासून मोजतात. क्वार्टेटमध्ये मात्र षड्ज प्रत्येक स्वरमेळाबरोबर घर बदलतो. मी एकच 'ई' स्वर लांबवून धरलेला असतो. त्याखाली चेलो 'सी' वाजवते तेव्हा माझा स्वर गंधार असतो आणि तो किंचित उतरावा लागतो. पुढच्या क्षणी चेलो 'ए' वर जाते. आता तोच स्वर पंचम झाला, आणि आधीच्या जागी राहिला तर उतरलेला वाटतो. आणखी पुढे चेलो स्वतःच 'ई' वर येते आणि माझा स्वर षड्ज होतो. कागदावर एकच लांब स्वर लिहिलेला आहे, पण गळ्यात तो तीन जागी राहून यावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला तो हललेला कळता कामा नये.

त्यात तारांचा स्वतःचाही एक पेच असतो. व्हिओला आणि चेलो यांच्या तारा 'सी, जी, डी, ए' अशा पंचमांनी जुळतात, व्हायोलिनची वरची तार 'ई'. हे चारही पंचम तंतोतंत शुद्ध जुळवले तर सगळ्यांत खालच्या 'सी' शी वरचा 'ई' गंधार म्हणून जुळत नाही. तो सुमारे २२ सेंट चढा पडतो. म्हणून अनुभवी क्वार्टेटवाले आपले पंचम अगदी थोडे अरुंद ठेवतात आणि खालची 'सी' तार किंचित चढी जुळवतात. आमचे चेलोवादक दक्षिण गोव्यातल्या साश्टीचे, वयाने आम्हा सगळ्यांत मोठे. प्रत्येक तालमीच्या आरंभी ते ही 'सी' तार व्हायोलिनच्या मोकळ्या 'ई' शी लावून पाहात आणि मगच धनुष्य खाली ठेवत. त्यांच्याच सूचनेवरून मी पियानो बाजूला ठेवला आणि काही काळ केवळ चेलोच्या ओळीवर सबंध 'साल्वे रेजिना' गायले: वर मी, खाली ते, मध्ये कुणीच नाही. माझ्या मते गायिकेने क्वार्टेटसोबत काम करण्याआधी हा एक भाग कधीही टाळू नये. खालच्या ओळीत आपला षड्ज कुठे जातो हे त्यावाचून कळत नाही, आणि ते कळल्यावर मधले दोन आवाज आले तरी कान गोंधळत नाही.

आवाजातील कंपाचाही प्रश्न याच टप्प्यावर आला. पाश्चात्त्य शैलीत शिकलेल्या आवाजात एक नैसर्गिक कंप असतो आणि मोठ्या सभागृहात तो उपयोगी पडतो. पण कंप रुंद असेल तर स्वराचे नेमके स्थान त्यात बुडून जाते. पेर्गोलेसीसाठी चौघांनी धनुष्य हलके आणि बोटे जवळजवळ स्थिर ठेवली, तेव्हा मलाही आवाज त्याच मापाचा करावा लागला. रेस्पिगीला मात्र कंप हवा असतो. तिथे प्रश्न कंप असण्या-नसण्याचा नव्हता, तर पहिल्या व्हायोलिनच्या आणि माझ्या कंपाची गती एकमेकांना खाऊ नये याचा होता.

क्वार्टेटला कंडक्टर नसतो. गायिका सामील झाल्यावर सुरुवात कोण देणार हे ठरवावे लागते. पहिल्या तालमींत पहिले व्हायोलिनवादक मान हलवून इशारा देत आणि मी त्या इशाऱ्यावर श्वास घेत असे. परिणाम असा की माझा स्वर नेहमी चौघांच्या किंचित मागून येई, कारण धनुष्य तारेवर टेकताच बोलते आणि गळ्याला शब्दाचे व्यंजन पार करून स्वरावर यावे लागते. यावर चेलोवादक एवढेच म्हणाले, "बाय, तू श्वास घे, आमी येतांव." त्यानंतर ज्या ज्या जागी गळा आणि वाद्ये एकत्र सुरू होत, तिथे माझा श्वास हाच इशारा झाला. श्वासाची लांबी लयीशी जुळली पाहिजे, त्याचा वेग पुढच्या स्वराच्या स्वभावाप्रमाणे असला पाहिजे, आणि तो चौघांना दिसला तर पाहिजेच, थोडा ऐकूही आला पाहिजे. गळ्याच्या आधी येणाऱ्या या अर्ध्या क्षणात सगळे ठरते, असे आता मला वाटते.

आता रेस्पिगीविषयी. तो स्वतः व्हायोलिन आणि व्हिओला वाजवीत असे; तरुणपणी सेंट पीटर्सबर्गच्या राजनाट्यगृहाच्या वाद्यवृंदात तो व्हिओलावादक होता आणि त्याच शहरात रिम्स्की-कोर्साकोव्हकडे शिकला. त्याचा हा हातचा अनुभव 'इल त्रामोन्तो'च्या मधल्या आवाजांत जागोजागी दिसतो. शब्द शेलीच्या इंग्रजी कवितेचे आहेत, रोबेर्तो आस्कोलीने केलेल्या इटालियन अनुवादात. एक तरुण आणि इझाबेल नावाची स्त्री संध्याकाळी मावळत्या प्रकाशात फिरत आहेत. उद्या इथेच येऊन सूर्य पाहू असे तो म्हणतो. रात्री दोघे एकत्र येतात. सकाळी ती जागी होते तेव्हा तो मरण पावलेला असतो. ती वेडी होत नाही, मरत नाही, वर्षानुवर्षे वृद्ध वडिलांची सेवा करीत जगते. सुमारे पंधरा मिनिटांच्या या रचनेत गायिकेला निवेदकही व्हायचे असते, त्या तरुणाचे शब्दही बोलायचे असतात आणि अखेरीस इझाबेलची प्रार्थनाही. स्वतंत्र गाण्यांची ही माळ नाही. एकच अखंड कथन आहे, आणि त्यात गळ्याने पुढे यायचे कधी व मागे राहून वाद्यांना बोलू द्यायचे कधी, हा विवेक सर्वांत कठीण आहे. सकाळच्या मृत्यूचा प्रसंग मी पहिल्यांदा फार भरून गायले होते. तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर आम्हा सर्वांचे मत झाले की तिथे आवाज जितका सरळ तितका तो प्रसंग अधिक लागतो, कारण त्याखालचे स्वरमेळ आपले काम आधीच करीत असतात.

उच्चारांच्या बाबतीत मराठी जिभेला इटालियन सोयीची आहे, आणि हे मराठी गायकांनी आत्मविश्वासाने घ्यावे असे मला मनापासून वाटते. इटालियनमधले 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत. द्वित्त व्यंजने आपण 'पत्ता', 'सत्ता' यांत सहज पाळतो, तीच सवय इटालियन 'नोत्ते'त कामी येते. एरवी पुष्कळांना ती स्वतंत्र शिकावी लागते. स्वरही आपल्यासारखेच एका जागी राहतात. सांभाळावे लागते ते उघड्या आणि मिटलेल्या 'ए' व 'ओ' यांच्या भेदाला आणि वाक्यातल्या आघातांना. लॅटिनसाठी आम्ही रोमन चर्चची इटालियन वळणाची उच्चारपद्धती घेतली, म्हणजे 'रेजिना'तला 'ज' आपल्या 'जीवना'तल्यासारखा.

कपेलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी कुणीच गायले-वाजवले नाही. मध्यभागी उभे राहून टाळी वाजवली, मग दाराशी, मग वेदीच्या पायऱ्यांपाशी. टाळीचा नाद तिथे लगेच विरत नाही. मधल्या पट्टीतला भाग मागे राहतो आणि हळूहळू जातो. सभागृहाच्या नादाचा शास्त्रीय अभ्यास वॉलेस सेबिन या प्राध्यापकाने हार्वर्ड विद्यापीठात १८९५ नंतर सुरू केला, तेव्हा त्याने दुसऱ्या एका नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात मांडल्या आणि किती गाद्यांनी नाद किती लवकर विरतो हे मोजले होते. त्यातून निघालेला नियम असा की जागा जितकी मोठी तितका नाद रेंगाळतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर जातो. माणसे आणि त्यांचे कपडे हेही शोषकच. याचा अर्थ रिकाम्या कपेलीत ऐकलेला नाद कार्यक्रमाच्या संध्याकाळी तसाच राहणार नव्हता. म्हणून शेवटच्या तालमीला आम्ही ओळखीच्या पुष्कळ मंडळींना बोलावून बाकांवर बसवले.

रेंगाळणाऱ्या नादाचा खरा परिणाम आवाज गोड करणे हा नाही, जरी लोक तसेच बोलतात. त्याचा परिणाम असा होतो की आधीचा स्वरमेळ विरण्यापूर्वी पुढचा सुरू होतो. मघाशी म्हटले तो हलणारा षड्ज इथे दुहेरी होतो: एक आत्ता वाजत असलेला, दुसरा नुकताच वाजून हवेत राहिलेला. माझा गंधार आत्ताच्या 'सी' शी जुळला तरी मागच्या स्वरमेळातला रेंगाळणारा स्वर त्याच्याशी भांडत असेल तर कानाला ती कटकट ऐकू येते. कोरड्या खोलीत जे चालून जाते ते दगडी वास्तूत चालत नाही. उलट सगळे नीट जुळले, की मागचा आणि पुढचा असे दोन्ही स्वरमेळ एकमेकांना आधार देतात आणि आवाजाला जोर न लावता तो भरतो. तंबोरा गायकाला जो आधार देतो, तो या कपेलीत आम्हाला आमच्याच मागच्या स्वरांकडून मिळत होता. फरक इतकाच की आपल्या आधीच्या क्षणाची जबाबदारीही त्यात आपल्यावर येते.

यातून काही निर्णय घ्यावे लागले. 'साल्वे रेजिना'त 'आद ते सुस्पिरामुस', म्हणजे 'तुझ्याकडे आम्ही उसासे टाकतो', या शब्दांभोवती पेर्गोलेसीने ओळी विरामांनी तोडल्या आहेत, जणू हुंदक्यांनी श्वास तुटावा तशा. पणजीच्या तालमीच्या खोलीत हे विराम मोजल्याप्रमाणे पुरेसे वाटत. कपेलीत ते नादाने भरून जात आणि तुटलेपण नाहीसे होई. आम्ही विराम किंचित लांबवले आणि त्याआधीचे स्वर जरा लवकर सोडले. एवढ्याने ते उसासे परत मिळाले. 'इल त्रामोन्तो'तील जलद, घनदाट जागांमध्ये चेलोने धनुष्य आखूड केले, कारण खालच्या स्वरांचा नाद तिथे जास्त रेंगाळत होता आणि माझे शब्द त्याखाली दबत होते. व्यंजने मी तालमीत वाटली होती त्याहून बरीच आधी उच्चारू लागले.

उभे कुठे राहायचे यावर बराच वेळ गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला. रूढ पद्धत अशी की गायिका क्वार्टेटच्या पुढे श्रोत्यांकडे तोंड करून उभी राहते. त्यात तिला चौघांपैकी कुणी दिसत नाही आणि चौघांना तिची पाठ दिसते. श्वासाचा इशारा अशा वेळी कुणाला द्यायचा? चेलोच्या उजवीकडे टोकाला उभे राहून पाहिले, तर पहिले व्हायोलिन फार लांब गेले. शेवटी अर्धवर्तुळाच्या आत, दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला यांच्या मधे, किंचित मागे आणि एका लाकडी पाटावर उभे राहायचे ठरले. तिथून मला चौघांची धनुष्ये दिसत होती, दोन्ही बाजूंनी मधले आवाज थेट कानावर येत होते, आणि मागची भिंत आवाज पुढे टाकीत होती. श्रोत्यांना गायिका थोडी मागे दिसली तरी चालेल, कारण या रचनांत ती पाचांपैकी एक आहे. ही माझी ठाम भूमिका आहे आणि चौघांनी ती मान्य केली याचे मला समाधान आहे.

हवेचाही विचार करावा लागला. फेब्रुवारीत गोव्यात दिवसा कोरडी ऊब असते आणि संध्याकाळी नदीवरून दमट वारा चढतो. आर्द्रता बदलली की वाद्यांचे लाकूड फुगते किंवा आकसते, खुंट्या अडकतात नाहीतर घसरतात. वाद्ये कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी कपेलीत आणून पेट्या उघड्या ठेवल्या, दोन रचनांच्या मधे पुन्हा जुळवणी करायची असे ठरवले आणि पंखे बंद ठेवण्याची विनंती केली. वेदीच्या पायऱ्यांवर पेट्या, पाण्याच्या बाटल्या किंवा कागद ठेवायचे नाहीत, हा नियम आम्ही आपणहून घातला. आम्ही त्या वास्तूत पाहुणे होतो.

या तयारीत माझ्या मनात एक विचार वारंवार येत असे. गोव्यात पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून चर्चच्या जोडीने ज्या पाठशाळा चालवल्या, त्यांत मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. गावचा 'मेस्त', म्हणजे संगीतशिक्षक, ही शिकवण पिढ्यानपिढ्या पुढे देत आला. कोंकणीत व्हायोलिनला 'रेबेक' म्हणतात, इतके ते वाद्य इथले झाले आहे. चाळीस दिवसांच्या उपासकाळात चर्चमध्ये गायली जाणारी लॅटिन मोतेते, म्हणजे अनेक आवाजांत गायची भक्तिगीते, गोव्याच्याच संगीतकारांनी रचली, आणि ती आजही कित्येक गावांत तंतुवाद्यांच्या साथीने गायली जातात. त्यामुळे कपेलीत लॅटिन शब्द आणि चार तंतुवाद्ये हा योग आम्ही बाहेरून आणून बसवला असे मला कधी वाटले नाही. मी हिंदू घरातली, देवळाच्या भजनात वाढलेली; तरीही 'साल्वे रेजिना' गाताना मी परक्या घरात आहे अशी भावना मला शिवली नाही, आणि याचे बरेचसे श्रेय या भूमीच्या संगीताला आहे.

कार्यक्रमाची संध्याकाळ अपेक्षेपेक्षा सरळ गेली, म्हणून तिच्याविषयी फार लिहीत नाही. बाक भरले होते, काही मंडळी मागे उभी होती, आणि इतक्या माणसांनी नाद शेवटच्या तालमीपेक्षाही थोडा आवळला. पहिल्या दोन ओळींतच ते कळले. पहिल्या व्हायोलिनवादकांनी विराम पुन्हा थोडे आखूड केले आणि आम्ही न बोलता त्यांच्यामागे गेलो. 'साल्वे रेजिना' संपल्यावर टाळ्या वाजवू नयेत अशी विनंती आधीच केलेली होती. 'क्रिसान्तेमी' ही पुच्चिनीने १८९० साली आओस्ताच्या ड्यूकच्या निधनानंतर लिहिलेली छोटी शोकरचना. ती चाललेली असताना मी बाजूच्या वेदीपाशी उभी राहून ऐकत होते आणि व्हिओलाच्या ओळीवर पुढच्या रचनेचा स्वर मनात धरीत होते. 'इल त्रामोन्तो'च्या शेवटाकडे इझाबेल 'पाचे', म्हणजे शांती मागते. तो शब्द मी तालमीत ठरवला होता त्याहून हळू आणि कंपाशिवाय गायले, कारण खाली चौघांनी स्वर इतका स्थिर धरला होता की त्यावर काही अधिक ठेवण्याची गरज उरली नव्हती.

मांडोसाठी मात्र सगळे बदलले. मांडो मुळात दोन आवाजांत, तिसऱ्या आणि सहाव्या स्वराच्या अंतराने चालतो. दुसरा आवाज दुसऱ्या व्हायोलिनने घेतला आणि घुमट या मातीच्या तालवाद्याचा ठेका चेलोने तारा छेडून धरला. श्रोत्यांपैकी निम्म्यांना शब्द येत होते. त्यांनी गायला सुरुवात केली तेव्हा स्वरमेळाचा सगळा हिशेब आम्ही सोडून दिला आणि त्यांच्याबरोबर गेलो.

कार्यक्रमानंतर फोंड्याहून आलेली भजनी मंडळातली काही मंडळी भेटायला थांबली. त्यांतल्या एका वयस्क पेटीवादकांनी विचारले, "बाई, तुमचा गंधार मधेच उतरल्यासारखा लागे आणि तरी बरोबर वाटे, तो कसा काय?" मी उत्तर देण्याआधीच चेलोवादकांनी धनुष्य उचलले, खालची 'सी' तार धरली, आणि व्हायोलिनवर आधी पियानोच्या जागेचा आणि मग शुद्ध गंधार वाजवायला सांगितले. दुसऱ्या वेळी दोन्ही स्वर एक झाले तसे पेटीवादकांनी मान डोलावली आणि स्वतः तो गंधार आकारात लावून पाहिला. मग त्यांनी चेलोला 'ए' वर जायला सांगून तोच स्वर पंचम करून पाहिला. हे बराच वेळ चालले. कपेल बंद करायला आलेल्या माणसाने घाई केली नाही.

हाच कार्यक्रम आता आम्ही एका कोरड्या सभागृहात करणार आहोत. तिथे मागचा नाद आधाराला नसेल, त्यामुळे 'साल्वे रेजिना'चे विराम पुन्हा मूळ मापावर आणावे लागतील, 'इल त्रामोन्तो'ची संथ पाने थोडी पुढे ढकलावी लागतील आणि चेलोचे धनुष्य पुन्हा लांब होईल. उभे राहण्याची जागा मात्र बदलणार नाही. दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला यांच्या मधेच. त्या तालमी चेलोच्या एकट्या ओळीवर सुरू झाल्या आहेत.